मागच्या खोलीतली रेंज

मी बोलतोय, लिफ्ट कंपनीच्या तक्रार टेबलावरचा बिनतारी हँडसेट. दचकू नका, कोणी अडकलेलं नाही. इतकी वर्षं दुसऱ्यांचं बोलणं इकडून तिकडे पोचवलं, आज माझंही थोडं ऐकून घ्या.

माझ्याआधी या टेबलावर वेटोळ्या वायरीचा जाडजूड फोन होता. मग मालकांनी ऑफिसचे सगळे फोन इंटरनेटवर नेले. भिंतीवर एक पांढरी डबी बसली, तिला बेस म्हणतात. त्या डबीशी माझी आणि रिसेप्शनवरच्या माझ्या जुळ्या भावाची गाठ बांधली गेली. तक्रारीच्या नंबरवर फोन आला की आम्ही दोघं एकदम वाजायचो. जो आधी उचलला जाईल, फोन त्याचा. पहिल्या दिवशी तर जो तो मला कानाला लावून ऑफिसभर येरझाऱ्या घालत होता. आता टेबलाला बांधून बसायला नको, म्हणून सगळे खूश. पुढे जेवतानाही मी त्यांच्या खिशात वाजू लागलो, तेव्हा ती खुशी जरा ओसरली.

माझा माणूस म्हणजे तक्रारमास्तर. शाळेशी त्यांचा काही संबंध नव्हता. दिवसभर लोकांच्या तक्रारी शांतपणे ऐकतात म्हणून ऑफिसातल्या पोरांनी ठेवलेलं हे नाव. लिफ्ट बंद पडली, दार अडकलं, आत कोणी राहिलं, की मास्तर आधी आतल्या माणसाला धीर द्यायचे आणि मग मेकॅनिकला पिटाळायचे. मला कधी आदळलं नाही त्यांनी. रागावलेल्या गिऱ्हाइकाचा फोन झाल्यावरसुद्धा मला हलकेच चार्जरवर ठेवायचे.

मागच्या खोलीत मास्तरांचे थोरले भाऊ काम करायचे, सगळ्या कंपनीचे दादा. लिफ्टच्या जळालेल्या मोटारींवर नवी तांब्याची तार गुंडाळायची, हे त्यांचं काम. आधी मात्र ते कंपनीतले पहिल्या नंबरचे मेकॅनिक होते. वडील लवकर गेले, तेव्हा मास्तरांना याच दादांनी वाढवलं, शिकवलं आणि इथे चिकटवलं.

मग दोघांत बिनसलं. दादांचा कान मंद होत चालला होता. साइटवरून ते फोन करायचे, तेव्हा मास्तर विचारायचे एक आणि दादा अंदाजाने सांगायचे भलतंच. लिफ्टच्या टपावर उभं राहून काम करणाऱ्या माणसाला खालून कोणी ‘चालू करतोय’ म्हणून ओरडलं आणि ते ऐकूच आलं नाही, तर? मास्तरांनी मालकांना सांगितलं. आठवड्याच्या आत दादांना साइटवरून काढून मागच्या खोलीत बसवलं.

मास्तरांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण मालकांच्या आधी त्यांनी दादांना सांगायला हवं होतं. दादा त्यांना एकच वाक्य बोलले, “मला आधी सांगितलं असतंस, तर मी स्वतः उतरलो असतो खाली.” त्यानंतर त्यांनी धाकट्याशी बोलणंच टाकलं.

मास्तर हट्टाला पेटले. रोज जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन मागच्या खोलीत जायचे आणि दादांच्या उजव्या अंगाला, म्हणजे त्यातल्या त्यात बऱ्या कानाकडे, स्टूल ओढून बसायचे. मी खिशात असायचोच. पण ती खोली जाड भिंतीची, त्यात जुन्या लिफ्टचे लोखंडी पत्रे कडेने रचलेले. उंबरा ओलांडला की माझा आणि बेसचा संबंध तुटायचा. मी कुईकुई करायचो, पडद्यावर ‘रेंज नाही’ उमटायचं. मास्तर मला बाकावर पालथा घालायचे. तेवढा वेळ फोन रिसेप्शनवरची मुलगी घ्यायची.

आधी आधी मला फार अपमान वाटायचा. वाजता येऊ नये म्हणजे काय? मग हळूहळू मला ती खोली आवडायला लागली. दादा बोलायचे नाहीत, पण एक दिवस त्यांनी पाण्याची बाटली मास्तरांकडे सरकवली. पुढे एकदा म्हणाले, “भाजी खारट झालीय का रे आज?” मास्तरांनी घाईघाईने मान हलवली. भाजी अजिबात खारट नव्हती, हे संध्याकाळी त्यांनी स्वतःच बायकोला फोनवर हसत हसत सांगितलं. मग मास्तरांच्या मुलीच्या परीक्षेची चौकशी झाली, गुडघ्याचं दुखणं निघालं. मूळ गोष्टीला मात्र कोणी हात लावत नव्हतं. दोघंही तिच्या कडेकडेने चालायचे.

आणि मग तो फोन हुकला. मी मागच्या खोलीत पालथा, रिसेप्शनवरची मुलगी दुसऱ्या फोनवर. एक आजी भाजीची पिशवी घेऊन लिफ्टमध्ये अडकल्या होत्या. सुटल्या सुखरूप, पण त्यांचा मुलगा ऑफिसात येऊन खूप बोलून गेला. मालक मास्तरांना काही बोलले नाहीत. मास्तरच आपणहून त्यांच्या केबिनमध्ये गेले आणि म्हणाले, “साहेब, मागच्या खोलीतही रेंज हवी. तिथे एक बेस बसवून घ्या.”

असा हा माणूस. जे बरोबर ते करायचं, मग धोंडा स्वतःच्या पायावर का पडेना.

दुसरी पांढरी डबी त्या खोलीच्या दारावर बसली. आता मी कुठेही गेलो तरी रेंज भरलेली. मास्तर मला बाकावर उलथा ठेवायचे, ते आता सुलटा ठेवू लागले. जेवताना त्यांची नजर सारखी माझ्याकडे असायची. दादांना ते दिसत होतं.

असंच एक दिवस डबे झाकून झाले होते. दादा मोटारीवर वाकून तार ओढत होते. मान वर न करताच म्हणाले, “त्या दिवशी मी तुला जे बोललो ना…” मास्तरांचा हात डब्यावरच थांबला. मीसुद्धा कान टवकारले. “खरं सांगायचं तर मला बरेच दिवस…”

आणि मी वाजलो.

मास्तर माझ्याकडे बघत राहिले. उचलावं की नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसत होतं. मग उचललं त्यांनी. पलीकडे एक लहान मुलगा होता, लिफ्टमध्ये एकटाच, वर दिवा गेलेला. तो हुंदके देत होता. दादांच्या तार गुंडाळायच्या मशीनची घरघर चालू होती, म्हणून मास्तर मला घेऊन दाराबाहेर गेले. “घाबरायचं नाही हं बाळा. मी इथेच आहे, फोन ठेवणार नाही. तुझ्या वर्गात कोण कोण आहे, सांग बघू.” मेकॅनिक पोचून दार उघडेपर्यंत ते त्या पोराशी बोलत राहिले.

दादांना माझी रिंग ऐकूच आली नव्हती. धाकटा उठून गेला हेही त्यांना कळलं नाही. नजर तारेवर होती आणि ते बोलत होते. वर्षभर जे गिळून बसले होते ते सगळं त्यांनी त्या रिकाम्या स्टुलाला सांगून टाकलं. काय सांगितलं ते मलाही ठाऊक नाही. मी दाराबाहेर एका रडणाऱ्या पोराचा आवाज वाहत होतो.

मास्तर धावत आत आले. दादा सरळ बसून स्टुलाकडे बघत होते.

“दादा, काय म्हणत होतास?”

“बोलून झालं माझं.”

“अरे, फोन आला होता. लहान पोरगं अडकलं होतं. परत सांग ना.”

“सुटलं का?”

“सुटलं.”

“मग बरं झालं,” म्हणाले आणि पुन्हा मोटारीवर वाकले. रागावले नव्हते ते. पण तेवढं सगळं दुसऱ्यांदा बोलायचं बळ काही त्यांना आलं नाही. मास्तरांनी पुढे कितीदा विषय काढला, दादा हसून दुसरंच काही विचारायचे. मग ते निवृत्त झाले आणि लेकीकडे राहायला गेले. ते गाव इथून बसने अख्ख्या दिवसाच्या वाटेवर.

परवा मास्तरांनी माझ्यावरून त्यांना फोन लावला. लाइन इतकी स्वच्छ की पलीकडच्या पंख्याचा आवाज येत होता. “दादा, त्या दिवशी तू काय सांगत होतास रे?” मास्तरांनी मोठ्याने विचारलं. पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा तर ओरडलेच, तेव्हा ऑफिसातल्या माना वळल्या. पलीकडे नुसता श्वास. मग फोन लेकीने घेतला. “काका, बाबांना फोनवर काहीच कळत नाही हो आता. समोर बसून बोललं तर जरा तरी समजतं. तुम्हीच या ना.”

“येतो गं,” मास्तर म्हणाले. “जरा इथली धावपळ कमी झाली की येतो.”

मला त्या वाक्याची भीती वाटते. हे वाक्य मी माणसांच्या तोंडून फार ऐकलंय, आणि धावपळ कमी झाल्याचं एकदाही ऐकलेलं नाही.

माझं काय, माझी बॅटरी फुगलीय. तासभर बोललं की मान टाकतो. माझ्या जागी नवा यायचाय, आणि तोही असाच वाजत राहणार. रिसेप्शनवरची मुलगी आता तयार झालीय. परवाच तिने एका घाबरलेल्या माणसाला गाणं म्हणायला लावलं आणि हसवत बाहेर काढलं. तक्रारी ती सांभाळेल.

मास्तर, तुमच्याशी मी आजवर एक शब्द बोललो नाही, आज बोलतो. उद्या सकाळी मला चार्जरवर ठेवा आणि बस पकडा. उजव्या बाजूला बसा त्यांच्या. तुम्ही दाराबाहेर पडत असाल तेव्हा मी वाजेन, मला ते चुकणार नाही. वाजू द्या मला. तुम्ही जा.