मशीनवाल्याने विचारलं तेव्हा

अर्लीनने गावभर सांगून ठेवलं होतं. यंदाच्या पिकनिकला, बोकड शिजत असताना, स्पीकरवर होसी टॉलिव्हर गाणार. म्हणजे तिचा बाप. मातीत जाऊन बरीच वर्षं झालेला.

"मेलेल्याला कामाला लावतेस होय गं?" तिची मावसबहीण डोरेथा म्हणाली.

"टेपवर आहेत बाबा. कॉलेजात ठेवलीये ती टेप. क्लेव्हकाकानेच सांगितलंय."

क्लेव्ह बुफर्ड तिचा सख्खा काका नव्हता, पण सख्ख्यांनी कधी एवढा लळा लावला नाही. मिसिसिपीच्या त्या टेकड्यांत उन्हाळ्यात जेवढ्या पिकनिका व्हायच्या, तिथे हे दोघं वाजवायचे. होसी पुढे बसायचा, गायचा. क्लेव्ह मागे बसून दुसऱ्या गिटारवर त्याला साथ द्यायचा. रविवारी चर्च सुटलं की क्लेव्ह टॉलिव्हरांच्याच टेबलावर जेवायला. कोंबडीची तंगडी त्याच्यासाठी बाजूला काढलेली असायची. अर्लीनला सायकल त्याने शिकवली.

होसीच्या मयताला ती रडायची थांबेना, तेव्हा क्लेव्हनेच तिला जवळ घेतलं होतं. "रडू नको पोरी. होसीचा आवाज कुठे जात नाही. तो मशीनवाला आला होता ना, त्याने पिकनिकला मशीन चालू ठेवलं होतं. तुझ्या बापाला पत्ताही नव्हता. कॉलेजात आहे सगळं."

हा मशीनवाला म्हणजे उत्तरेकडून आलेला एक गोरा पोरगा. अर्लीन तेव्हा शाळेत होती. टेप करायचं मशीन गाडीत घालून गावोगाव फिरायचा, म्हाताऱ्यांना वाजवायला लावायचा. क्लेव्हची टेप झाली, तिकडे उत्तरेत तिची तबकडी निघाली, क्लेव्ह विमानात बसून परदेशात वाजवून आला. आता हमरस्त्यावर त्याच्या नावाची पाटी आहे.

होसीकडे कुणी आलं नाही. आणि होसी स्वतःहून जाणं शक्यच नव्हतं. त्या टेकड्यांतल्या वाजवणाऱ्यांत तशी रीतच नाही. चांगला वाजवणारा 'मी वाजवतो' म्हणत नाही. तो झाडाखाली बसून राहतो, आणि दुसऱ्या वाजवणाऱ्याने त्याचं नाव पुकारलं की उठतो. न बोलावता जो उठतो त्याला लोक हसतात. होसीसाठी पुकारायचं काम कायम क्लेव्हचं.

त्यामुळे बाबांचा आवाज चोरून का होईना टेपवर आलाय, हे अर्लीनने जिवाशी धरून ठेवलं होतं. घरात बाबांचे दोन फोटो होते. आवाज नव्हता. तो कसा होता हे तिला हल्ली नीट आठवेनासं झालं होतं, आणि ही गोष्ट तिने डोरेथालासुद्धा सांगितली नव्हती.

मग कॉलेजने त्या पोराच्या सगळ्या टेपा नीट क्रमाने लावून घेतल्या आणि घरच्यांनी येऊन ऐका असं रेडिओवर सांगितलं. अर्लीनने क्लेव्हला विचारलं, येतोस का? तो म्हणाला, गुडघा धरलाय, तू जा. मग म्हणाला, "एवढ्या लांब कशाला तडफडतेस? राहू दे ना."

ती गेली.

तिथली प्रुइट नावाची पोरगी साधी होती बिचारी. पाणी आणून दिलं, खुर्ची ओढून दिली. होसी टॉलिव्हर शोधला. सापडेना. वेगवेगळ्या तऱ्हेने शोधून पाहिला.

"नसणार कसे? पिकनिकची टेप बघा."

"पिकनिकची टेपच नाही, मॅडम. त्यांनी सगळं घरोघरी जाऊन केलंय. क्लेव्ह बुफर्ड यांच्या घरची आहे, ती लावू?"

लावा म्हणाली. वाटलं, बाबा असतील मागे कुठेतरी. हेडफोन कानाला लावला आणि क्लेव्हची गिटार सुरू झाली. पहिल्याच ओळीला अर्लीनला हसू आलं, कारण ते बाबांचं गाणं होतं. पूर आला तेव्हा त्यांचं खेचर वाहून गेलं, त्याच्यावर केलेलं. घरी अंगणात केलेलं. दुसरं गाणंही बाबांचंच. तिसरंही.

मग मशीनवाल्याचा आवाज आला. ही गाणी कुणाची?

"माझीच," क्लेव्ह म्हणाला.

मशीनवाला म्हणाला, इथे एक होसी टॉलिव्हर आहे असं ऐकलं, फार चांगला वाजवतो म्हणे. कुठे राहतो तो?

"कोण, होसी? गेला बिचारा. हिवाळ्यात. छातीत पाणी झालं." वर क्लेव्ह म्हणाला, "मीच खांदा दिला."

अर्लीनने हेडफोन काढला. ही टेप झाली त्या उन्हाळ्यात बाबा घरामागे लाकडं फोडत होते. क्लेव्हच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर.

"बरं वाटत नाहीये का?" प्रुइटने विचारलं.

"पुन्हा लावा तेवढंच."

पुन्हा ऐकलं. तिला बघायचं होतं, तो कुठे अडखळतो का. कुठेच नाही. कणभर नाही. वर त्याने सुस्कारासुद्धा टाकला होता.

ती तडक क्लेव्हच्या घरी आली. तो ओसरीवर चवळीच्या शेंगा सोलत बसला होता, पायाशी टोपली.

"आलीस? मिळालं का?"

"मिळालं."

त्याने तिच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. "कुठंय मग?"

"कुणाच्या मयताला खांदा दिलास रे काका तू?"

शेंग त्याच्या बोटांत तशीच राहिली. मग म्हणाला, "प्यायलो होतो."

"नव्हतास. तुझा प्यायलेला आवाज मी लहानपणापासून ऐकलाय."

"अर्लीन..."

"जिता बाप मारलास माझा."

"तो गोरा एकदाच येणार होता गं." क्लेव्हचा आवाज चढला. "एकदाच! होसी नुसता समोर बसला असता तरी माझं संपलं होतं. जन्मभर मी मागे. लोक म्हणायचे, होसी आणि तो दुसरा. नावसुद्धा घ्यायचे नाहीत. एक दिवस मला पुढे बसायचं होतं."

"मग बसायचं ना! मेला म्हणून कशाला सांगायचं?"

"जिता आहे म्हटलं असतं तर तो तुमच्या दारात गेला असता. दिसत तर होतं घर इथून."

"आणि बाबांना काय सांगितलंस?"

हे तिला ठाऊक होतं. ती तेव्हा घरातच होती. तरी तिला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

क्लेव्ह खाली बघून म्हणाला, "सांगितलं की तुझं नाव पुकारलं होतं मी. तो गोराच नको म्हणाला."

होसीने ते ऐकून फक्त मान हलवली होती. जेवण पुरं केलं होतं. पुढच्या पिकनिकला बोटं दुखतात म्हणाला. त्याच्या पुढच्याही. मग लोकांनी विचारायचं सोडून दिलं. अर्लीन एकदा म्हणाली होती, बाबा, वाजवा ना. तेव्हा तो म्हणाला होता, "माहीतगार माणसाने नाव ऐकून नको म्हटलं, पोरी. काहीतरी कमी असणार माझ्यात." आणि समोर क्लेव्ह बसला होता. तंगडी खात.

"इतके रविवार," अर्लीन म्हणाली. "आमच्या ताटात जेवलास."

"तुम्ही बोलवायचात."

"हो. आम्ही बोलवायचो."

"मयताला तुला ते टेपचं सांगितलं, ते तुझ्यासाठी गं. बघवत नव्हतं मला. तू शोधायला जाशील असं कुठे वाटलं होतं?"

"पिकनिकला सगळ्यांसमोर सांगायचंस. जे केलंस ते. तुझ्या तोंडाने."

"सांगतो," तो म्हणाला. ती पायऱ्या उतरली तेव्हा मागून हळूच आवाज आला. "नाहीतर असं कर ना. टेप खराब झाली म्हण. जुनं मशीन होतं. लोक ऐकतील तुझं."

तिने मागे वळून पाहिलं नाही.

पिकनिकच्या दिवशी बोकडाचा धूर सगळ्या शेतावर पसरला होता. ढोलवाले एक फेरी मारून बसले होते. डोरेथाने स्पीकरची वायर जोडून ठेवली होती. "चल गं, लाव तुझ्या बापाला! आम्ही काय नुसता पाव खात बसायचं का?"

अर्लीन उभी राहिली. "टेप नाहीये."

"म्हणजे?"

"बाबा टेपवर नाहीतच. का नाहीत ते क्लेव्हकाका सांगेल."

सगळे क्लेव्हकडे वळले. तो खुर्चीत गिटार घेऊन बसला होता, स्वच्छ पांढऱ्या शर्टात. त्याने घसा साफ केला. तोंड उघडलं. आणि बोलण्याऐवजी त्याची बोटं तारांवर गेली. खेचराचं गाणं.

लोक एकदम पेटले. "होसी! अरे होसीच वाजवतोय!" म्हाताऱ्या बाया उठून पाय आपटायला लागल्या. डोरेथा तर रडायलाच लागली. "टेप कशाला हवी गं, हा बघ ना, हुबेहूब!"

आणि हुबेहूबच होतं. तेच अर्लीनला सोसेना. बाबांचं जे काही या जगात उरलं होतं ते या माणसाच्या बोटांत होतं, आणि तो तेच तोंडावर ओढून घेऊन लपला होता.

ती लोकांमधून वाट काढत गेली आणि तिने तारांवर पंजा ठेवला.

गाणं तुटलं. ढोलाशी कुणीतरी हसलं, मग तेही थांबलं. क्लेव्हने वर पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. पूर्वी ते बघून ती विरघळली असती.

"हे होसीचं आहे," तो लोकांना म्हणाला. "हे गाणं. माझं नाही."

"ठाऊक आहे की आम्हाला!" मागून कुणीतरी ओरडलं. "वाजव तू!"

दोघीचौघींनी टाळ्या वाजवल्या. क्लेव्हने अर्लीनकडे पाहिलं. झालं ना, आता सोड, असं. तिच्या पंजाखाली तारा अजून कोमट होत्या.

"पुढचं सांग," अर्लीन म्हणाली, आणि हात तिथेच ठेवला.