हौशीरामाचा वन्समोअर

पिंपरी पेंढारच्या हौशीरामाला आयुष्यात सगळं मिळालं होतं, फक्त वन्समोअर मिळाला नव्हता. गावच्या नाट्यमंडळासाठी तो दरसाल नवं संगीत नाटक लिहायचा. गाणी त्याची, चाली त्याच्या, पेटीवरही तोच. कांद्याला पाणी धरता धरता त्याला चाली सुचत. पण नाटकात गाणं सुरू झालं की लोक चहाला उठत. हौशीराम पेटीवरून त्या पाठमोऱ्या टोप्या बघायचा आणि जोरजोरात भाता हलवायचा.

याला औषध नव्हतं, कारण दुखणं निमगाव साव्यात होतं. त्याचं नाव चिमाजी. हौशीरामाच्या बायकोचा, शीलाचा, हा चुलतभाऊ. त्याच्या नाटकात गोष्ट नावापुरती. राजा शिकारीला निघाला की सिनेमाचं गाणं, राणी रुसली की सिनेमाचं गाणं, आणि प्रधान मेला तरी त्याच्या तिरडीमागे सिनेमाचंच गाणं. पण गळा असा, की गोठ्यातल्या म्हशीनेही रवंथ थांबवावा. गेल्या साली, म्हणजे सत्त्याण्णवच्या गणपतीत, आळेफाट्याच्या स्पर्धेत पहिली ढाल त्यानेच नेली. हौशीरामाला नुसता नारळ मिळाला.

त्या दिवसापासून हौशीरामाच्या पोटात जे दुखायला लागलं ते ओव्याने थांबेना. घरात शीला भाकरी थापताना चिमाजीचं एखादं गाणं गुणगुणली, तरी हा ताटावरून उठायचा.

"अवो, सिनेमातलं गाणं हाय त्ये, चिमाजीचं कुठलं?" शीला म्हणायची.

"त्येच तर म्हणतोय मी! त्याचं न्हाईच कायी!" हौशीराम ओरडायचा आणि उपाशीपोटी मळ्यात जायचा.

शेवटी त्याने केवलचंद शेठला गाठलं. शेठचं फाट्यावर कापडाचं दुकान. स्पर्धा त्यांच्या मंडळाची, ढालही त्यांच्याच वडिलांच्या नावाची.

"शेठ, सोताचं नाटक आन् उसनवारीचं नाटक एकाच तागडीत तोलता व्हय?" हौशीरामाने विचारलं.

"हौशीरामभाऊ, गोधडीसुद्धा जुन्या कापडांचीच असते. पण ऊब देते की."

"देती. पर गोधडीला कुणी नवं ठाण म्हणून इकतं का? तुमी इकाल?"

शेठना हे पटलं. दुकानदार माणूस, ठाणाची भाषा त्यांना बरोबर कळली. श्रावणात नवा नियम जाहीर झाला: गाणी स्वतः रचलेली हवीत. परंपरेचं एखादं चालेल, पण दुसऱ्या कुणाचं गाणं घातलं तर नाटक बाद. हौशीराम त्या रात्री दोन भाकरी जास्त जेवला.

गणपतीत, रविवारी दुपारी, फाट्यावरच्या मांडवात स्पर्धा लागली. हौशीरामाचं नाटक आधी झालं. लोक नेहमीप्रमाणे चहाला गेले, पण त्याला यंदा त्याचं काही वाटलं नाही. तो पुढच्या रांगेत येऊन बसला आणि चिमाजीची फजिती बघायला सज्ज झाला.

आणि फजिती झालीसुद्धा. चिमाजीने स्वतः रचलेली गाणी म्हणजे यमकाला यमक लावून ढकललेली गाडी. लोक जांभया देऊ लागले. हौशीरामाच्या काळजाला असा गारवा आला की त्याने शेजारच्या अनोळखी माणसाला स्वतःच्या डबीतली तंबाखू मळून दिली.

मग नाटकात लग्न आलं. हळदीचा प्रवेश सुरू झाला. नवरीचा बाप झालेला चिमाजी पुढे आला, त्याने डोळे मिटले आणि सूर लावला:

"कुकडीचं पाणी गेलं सासरच्या गावी,
मागं वळून बघंना, हाक कशी द्यावी..."

हौशीरामाच्या हातातली तंबाखू सांडली. हे गाणं त्याचं होतं! तीन वर्षांपूर्वीच्या नाटकातलं, त्याने बांधावर बसून रचलेलं. तेव्हा याच गाण्याला निम्मा मांडव रिकामा झाला होता. आणि आता सगळं चिडीचूप. 'वळून'वर चिमाजीने आवाज असा लांबवला, असा हलकेच मुरडून खाली आणला, की बायकांच्या बाजूला पदर डोळ्यांना लागले. त्यात शीलाही होती. ती नुसती रडत नव्हती, सोबत म्हणतही होती.

"वन्समोअर!" मांडव गरजला.

आपलं पोर दुसऱ्याच्या कडेवर खिदळताना बघावं, तसं हौशीरामाला झालं. आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. अंगाची नुसती लाही झाली. तो ताडकन उठला.

"बंद करा! गाणं माझं हाय!"

नाटक थांबलं. केवलशेठ परीक्षकांच्या टेबलाजवळून स्टेजपाशी आले. चिमाजी गोंधळून खाली बघत म्हणाला, "दाजी, आवो हे हळदीचं गाणं. आमच्या गावात समद्या बाया म्हणत्यात. जुनं असंल म्हणून घातलं. एक चालतंय म्हणला ना नियम?"

"जुनं कसलं? मी रचलंय!"

शेठ शीलाकडे वळले. "वहिनी, दोन्ही घरं तुमचीच. तुम्हीच सांगा."

शीलाने पदर सावरला. एकदा नवऱ्याकडे बघितलं, एकदा भावाकडे. "गाणं ह्यांचंच हाय," ती म्हणाली. "भाचीच्या हळदीत मीच म्हणलं व्हतं माहेरी. बायांनी उचललं. कुणाचं हाय म्हणून कुणी इचारलंच न्हाई, मग मी बी न्हाई सांगितलं."

संपलं. निमगाव सावा बाद, ढाल पिंपरी पेंढारला. मांडवात टाळ्या पडल्या, पण ओलसर फटाक्यासारख्या. चिमाजी मात्र खाली उतरून थेट दाजीपाशी आला.

"तुमचं व्हय हे? लई भारी राव! आधी नाय का सांगायचं?"

यात कुठे टोमणा आहे का, हे हौशीरामाने नीट शोधून पाहिलं. सापडला नाही, म्हणून तो आणखीच चिडला.

शेठनी ढाल हौशीरामाच्या हातात दिली आणि ते म्हणाले, "आता हे गाणं ज्याचं आहे त्याच्याच तोंडून ऐकू."

हौशीराम पेटीवर बसला. त्याने गाणं म्हटलं, जसं रचलं होतं तसं, सरळ, काटेकोर. दुसऱ्या ओळीला मागून कुणीतरी ओरडलं, "तसं नाय, भाऊ! चिमाजीवानी म्हणा!" बायकाही हसल्या. हौशीरामाने दात आवळले आणि पुन्हा सुरुवात केली. पण 'वळून' आलं आणि त्याचा गळा आपोआप त्या मुरडीवर गेला. त्याला तो आवरेना. खरं तर आवरावासाही वाटेना, कारण गाणं तिथेच खरं लागत होतं. चहाला उठलेले दोघेतिघे परत खाली बसले.

गाणं संपलं. आणि मग तो आला. ज्याच्यासाठी त्याने इतकी वर्षं पेटी बडवली तो वन्समोअर आला, साऱ्या मांडवातून.

पण पहिला आवाज चिमाजीचा होता. हौशीरामाने तो बरोबर ओळखला, आणि ढाल मांडीवर असूनही त्याच्या पोटात पुन्हा दुखायला लागलं.