भगव्या वस्त्रातली तहानलेली चिंच

मी एक जुनी चिंच आहे, मित्रांनो. उत्तर थायलंडातल्या एका लहान गावच्या सरकारी दवाखान्यासमोर उभी आहे आणि माझा जीव गुदमरतोय. म्हणून भराभर सांगते.

दवाखाना झाला तेव्हाच मी म्हातारी होते. रोग्यांचे नातेवाईक माझ्या सावलीत चटया टाकून बसत. सायपिन मावशी तिथेच दगडी खलात कच्च्या पपईची कोशिंबीर कुटून विके, त्यात कोळ माझ्याच चिंचांचा. रोज सकाळी ती आधी माझ्या खोडावर हात ठेवायची. "उठलीस का गं म्हातारे?"

मग नव्या इमारतीचा नकाशा आला. त्यात मी नव्हते. मावशीने विहारातल्या भंतेजींना गाठलं. त्यांनी मंत्र म्हणत मला भगवं वस्त्र गुंडाळलं, दीक्षाच दिली. ठेकेदार विरोतने करवत खाली ठेवून हात जोडले. "भिक्खूवर करवत कोण चालवणार?" इमारत पंधरा हात मागे सरकली. मी वाचले असं मलाही वाटलं.

पण बाईने भिक्खूला शिवायचं नसतं. मावशीने हात ठेवणं सोडलं. शिवाय माझ्या मुळांवर चपला पडू नयेत म्हणून गावाने भक्तिभावाने ओटा बांधला. पार खोडापर्यंत सिमेंट, वर गुळगुळीत फरशी. पाऊस आता गटारात जातो. दोन वर्षांत माझा शेंडा वाळला, शेंगा पोकळ निघाल्या.

शेंग फोडताच मावशीच्या ध्यानात आलं, माझ्या मुळांना पाणीच मिळत नाही. "विरोत, हा ओटा फोड बाबा."

"भिक्खूच्या पायाशी हातोडा मारू? मला नरकात धाडतेस का, मावशी?"

"आणि भिक्खू तहानेने मेला म्हणजे?"

विरोतने पुन्हा हात जोडले. ज्या वस्त्राने करवत अडवली, तेच आता हातोडा अडवत होतं.

आज सकाळी मावशीने चपला काढल्या, मला तीनदा वाकून नमस्कार केला आणि खलातला बत्ता उचलला. लोक म्हणाले, म्हातारीला वेड लागलं. बऱ्याच घावांनी एक फरशी फुटली. मावशीने फटीत तांब्याभर पाणी ओतलं आणि माझ्या खोडावर हात ठेवला.

"पाप लागलं तर लागू दे," ती म्हणाली.

एकच फरशी फुटली आहे, मित्रांनो, आणि मावशीचे हात सत्तर वर्षांचे आहेत. नकाशात झाड राखाल तेव्हा त्याची मुळंही राखा. मला हार नकोत, नमस्कार नकोत. कुणीतरी तिच्या हातातला बत्ता घ्या.