फ्लेक्सवरची संजीवनी

सोनाळ्याच्या बसस्टँडसमोर माझा भलामोठा फ्लेक्स लागला होता आणि त्यावरची बाई पिठासारखी पांढरी होती. खाली नाव मात्र माझं: प्रा. डॉ. संजीवनीताई, सोनाळ्याची शान. माझं डोकंच फिरलं.

वंश, अस्मिता आणि माध्यमं हा माझा विषय. जाहिराती काळ्या माणसाला गोरं करतात, मालिका त्याला नोकर करतात, हेच पुण्यात कॉलेजात शिकवत माझी सगळी वर्षं गेली. त्यासाठी दोन वर्षं आफ्रिकेत राहिले, पुस्तक लिहिलं. आजचा सत्कारही त्याच पुस्तकाचा!

"दीपक, हे काय करून ठेवलं बे?"

धाकटा भाऊ हिरमुसला. "फ्लेक्सवाल्या गोपालनं केलं, ताई. तो सबनलेच उजळ करते. तुले काळी छापली असती तं लोक मले नावं ठेवतीन ना."

बिचाऱ्यानं प्रेमानंच केलं होतं. घरातला माझा पदवीचा फोटोसुद्धा असाच कुण्या स्टुडिओवाल्यानं उजळवलेला. बाबांनी तो कौतुकानं भिंतीवर लावला, आणि मीही कधी काढायला सांगितलं नाही.

दीपकची काजल दुसरीत आहे, रंगानं थेट माझ्यावर गेलेली. "ताई, तुमच्यासारखं व्हायचं म्हन्ते. खेळायलेही जात नाही, पुस्तकातच राह्यते," असं वहिनी फोनवर सांगायची, आणि मी फुशारून जायची. मला तिनं पाहिलेलं ते बहुतेक भिंतीवरच. मी गावी येते कधी?

मंडपात ती माझ्याजवळ येऊन बसली. बराच वेळ माझ्या तोंडाकडे पाहत राहिली, मग आपला हात माझ्या हाताला लावून पाहिला. दोन्ही सारखेच काळे.

"आत्या, तू तं फोटोत गोरी हायेस."

"फोटो खोटा आहे गं. मी पहिल्यापासून अशीच आहे."

"एवढं शिकली तरी?"

"हो. शिकून रंग बदलत नाही, बाई."

तिचा चेहरा एवढासा झाला. "मंग मी एवढा अभ्यास काऊन करून राह्यली?"

तेवढ्यात स्टेजवरून माझं नाव पुकारलं गेलं. टाळ्या वाजल्या, दीपक हातानं बोलावू लागला. भाषण माझं तयार होतं. पण काजल अजून माझ्याकडेच पाहत होती, आणि तिला सांगण्यासारखं त्यात एकही वाक्य नव्हतं.