वचनाची डबी

माझं नाव शांतवन. एसटीत एकतीस वर्षं ड्रायव्हर होतो, आणि अमरावती डेपोत माझ्याइतका तापट माणूस दुसरा नव्हता असं माझे कंडक्टर सांगतात. नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा. माझ्या बायकोला, रिबकाला, हे लग्नाच्या आधीच ठाऊक होतं. तिने मला पहिल्यांदा पाहिलं तेच मूर्तिजापूरच्या स्टँडवर, एका जीपवाल्याची गचांडी धरलेली असताना. ती अकोल्याची, बालवाडीच्या बाई, नाताळाला मावशीकडे अमरावतीला निघाली होती. त्या दिवशी गाडी चाळीस मिनिटं लेट झाली आणि चूक माझीच होती, हे तिने मला पुढे छत्तीस वर्षं ऐकवलं.

ती गेली त्याला साडेआठ महिने झाले. आज एकतीस डिसेंबर. दुपारपासून तिचं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, समोर घेऊन बसलो आहे, पण उघडायचा धीर होत नाही. आत एक चिठ्ठी आहे. ती आज डबीत परत टाकायची आहे.

डबी म्हणजे वचनाची डबी. पत्र्याची, झाकणावरचा रंग उडालेली. रिबकाचे वडील मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते, त्यांनी मलमाच्या रिकाम्या डबीत शास्त्रातली वचनं चिठ्ठ्यांवर लिहून, सुरळ्या करून भरली होती. ती डबी रिबका लग्नात घेऊन आली. एक जानेवारीला सकाळची उपासना झाली की घरी यायचं, आणि तोंडात घास घालायच्या आधी चिठ्ठ्या काढायच्या. आमच्याकडे नियम असा की स्वतःची चिठ्ठी स्वतः काढायची नाही. मी तिच्यासाठी काढायची, तिने माझ्यासाठी. सासरे म्हणायचे, आपला हात आपल्यासाठी गोडच शोधतो. चिठ्ठी ज्याने काढली त्याच्याच शास्त्रात राहायची, दुसऱ्याने ती उघडायची नाही. कारण वर्षभर तेच वचन धरून दुसऱ्यासाठी प्रार्थना करायची असते. वर्षाच्या शेवटच्या दिवशी दोन्ही चिठ्ठ्या परत डबीत.

आम्हाला मूलबाळ नाही. घरात दोघंच, आणि दोघांचं बरं चाललं होतं. रविवारी उपासना सुटली की स्कूटरवर गिला वडा खायला जायचो, एका प्लेटीत दोन चमचे. संध्याकाळी बाजेवर बसून प्रार्थना. माझी प्रार्थना दोन मिनिटांत आटपायची आणि तिची गावभर फिरून यायची. शेजारच्या पार्बताबाईंचा गुडघा, दूधवाल्याची आटलेली म्हैस, माझी बी. पी., सगळं त्यात यायचं. म्हशीपर्यंत मला डुलकी लागायची. मग ती चिमटा काढायची आणि मी मोठ्याने आमेन म्हणायचो. पार्बताबाई पलीकडून विचारायच्या, झाली का तुमची आरती. रिबका हसायची आणि हो म्हणायची.

मग तिच्या पोटात गाठ निघाली. गेल्याच्या गेल्या पावसाळ्यात ऑपरेशन झालं, किमोचे डोस झाले, केस गेले. तिने सगळं निमूटपणे सोसलं. डिसेंबरात पुन्हा तपासलं तर दुखणं परत आलेलं. डॉक्टर भला माणूस, त्याने लपवलं नाही. म्हणाला, आणखी सहा डोस देता येतील, काही महिने वाढतील, कदाचित वाढणारही नाहीत, आणि त्रास पहिल्यापेक्षा जास्त होईल. यातलं मला 'वाढतील' एवढंच ऐकू आलं.

घरी आल्यावर रिबका म्हणाली, "मले आता दवाखाना नको. मले अकोल्याले नेऊन द्या. बहिणीसंग अंगणात बसून सरगुंडे वळीन, आंबे निघाले की रसासंग खाईन. मंग देव बोलावन तेव्हा जाईन."

सरगुंडे म्हणजे आमच्याकडचा उन्हाळ्यातला उद्योग. कणकेची बारीक सळी करायची, काडीवर गुंडाळायची, हलकेच ओढून काढायची आणि उन्हात वाळवायची. दोघी बहिणी लहानपणापासून एकत्र बसून ते करायच्या. लग्न झाल्यावरही रिबका दर फाल्गुनात चार दिवस त्यासाठी माहेरी जायची, आणि मला घरी कढी-गोळे स्वतः रांधून खावे लागायचे म्हणून मी कुरकुर करायचो. एवढंच तिने मागितलं होतं. त्यावर मी काय केलं, तर ओरडलो. तुला जगायचंच नाही, तुला माझी पर्वा नाही, असं म्हणालो. नाताळच्या आठवड्यात दोन दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. दारावर तारा लावला तोही मी दात-ओठ खात.

तिसऱ्या दिवशी तिनेच तोड काढली. म्हणाली, डबी सांगेल तसं करू. एक तारखेला तिच्यासाठी बरं होण्याचं वचन निघालं तर दवाखाना, नाही निघालं तर अकोला. खरं तर असा कौल लावणं आमच्यात बसत नाही. वचनाची डबी म्हणजे पोपटवाल्याचं पाकीट नव्हे, हे पाळकसाहेबांनी एकदा व्यासपीठावरून सांगितलं होतं आणि तेव्हा सगळ्यात मोठ्याने आमेन रिबकाच म्हणाली होती. पण भांडण मिटावं म्हणून ती तयार झाली. मी लगेच हो म्हणालो. माझ्या डोक्यात तेव्हाच शिजायला लागलं होतं.

दर नाताळात झिजलेल्या चिठ्ठ्या नव्याने लिहायचं काम तिचं. त्या वर्षी तिच्यात बसायची ताकद नव्हती, म्हणून तिने ते मला सांगितलं. एकतीस तारखेला सरत्या वर्षाच्या दोन्ही चिठ्ठ्या डबीत टाकून ती दुपारी झोपली, तेव्हा मी डबीतल्या सगळ्या चिठ्ठ्या काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत भरल्या आणि ट्रंकेत खाकी कपड्यांखाली ठेवल्या. मग नव्वद चिठ्ठ्या लिहिल्या. प्रत्येकीवर एकच वचन, देव तुला बरं करील आणि तुझं बळ तुला परत देईल, असं. डेपोतल्या सगळ्या गाड्यांना एकच पाटी लावली म्हणा ना. एखादी चिठ्ठी बोटांत लपवली असती तरी काम झालं असतं, हे आज कळतं. पण तेव्हा वाटलं, ती माझ्या हाताकडे बघेल आणि ओळखेल. शिवाय हात घालून काढली तर ती निदान काढलेली चिठ्ठी होती, अशी मी स्वतःची समजूत घातली. चिठ्ठी मीच वाचणार, माझ्याकडेच राहणार, तिला ती दिसणारच नाही. कुठे फट म्हणून ठेवली नव्हती.

एक तारखेला उपासनेहून आलो. ती रिक्षातून उतरली तेव्हाच दमली होती. बाजेवर बसून तिने डबी मांडीवर घेतली, हलवली आणि माझ्यापुढे धरली. मी काढली, वाचली. तिने डोळे मिटून आमेन म्हटलं. मग झाकण बाजूला ठेवून तिने माझ्यासाठी हात आत घातला.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. छत्तीस वर्षं ती माझ्यासाठी त्याच डबीतून चिठ्ठी काढत होती, आणि नव्वद चिठ्ठ्या लिहिताना ही गोष्ट मला एकदाही आठवली नव्हती. स्टिअरिंगवर कधी सुटला नाही असा घाम मला थंडीत सुटला.

तिने सुरळी उलगडली. बघितलं. चष्मा काढून पदराने पुसला, परत लावला आणि पुन्हा बघितलं. मग शांतपणे म्हणाली, "भिऊ नको, मी तुले एकट्याले सोडणार नाही. असं हाय तुमचं." चिठ्ठी गुंडाळून तिने आपल्या शास्त्रात ठेवली आणि मला म्हणाली, "चाला मंग. दवाखान्याची फाइल काढा."

मी सुटलो. एखादी जुनी चिठ्ठी तळाला चिकटून राहिली असणार आणि देवाने नेमकी तीच तिच्या हाती दिली, असं मला वाटलं. देवाने माझं पाप झाकलं म्हणून मी मोरीत जाऊन त्याचे आभार मानले. मग आम्ही नाताळातल्या उरलेल्या करंज्या चहाबरोबर खाल्ल्या.

जानेवारी ते मार्च चार डोस झाले. पहिल्या डोसानंतर तोंड आलं, दुसऱ्यानंतर बोटं बधिर झाली. पेला धरला की हातातून सुटायचा. बालवाडीतल्या पोरांना मातीचे बैल करून देणारी बोटं ती, तिला स्वतःच्या पोलक्याचं बटण लावता येईना. मी लावून द्यायचो आणि म्हणायचो, वचन आहे ना आपल्याकडे, बरी होशील. ती मान हलवायची. एकदाही ती नाही म्हणाली नाही.

संध्याकाळच्या प्रार्थनेत ती आता माझी चिठ्ठी मुठीत धरायची. शब्द ऐकू यायचे नाहीत, ओठ हलायचे. एकदा बधिर बोटांतून चिठ्ठी निसटून बाजेखाली गेली. मी वाकून उचलली आणि नियमाप्रमाणे न उघडता तिच्या हातात दिली. विचारलं, एवढं काय मागते देवाला. म्हणाली, "तुमच्यासाठी मागून राहिले. दुसरं काय."

पाचवा डोस डॉक्टरांनीच थांबवला. एप्रिलमध्ये अकोल्याहून तिची धाकटी बहीण आली, डब्यात सरगुंडे आणि नव्या आंब्याचा रस घेऊन. रिबकाच्या तोंडात सगळे फोड. तिने ताट फक्त जवळ ठेवायला सांगितलं आणि वास घेतला. बहिणीला म्हणाली, "माह्या वाटचे ठेवजो. येतो मी." बहीण पदराआड रडली. मी बाहेर येऊन स्कूटर पुसत बसलो, पुसलेलीच होती तरी. नंतर आठ दिवसांनी सकाळी रिबका गेली.

दफनाला सगळे आले. प्रभूची इच्छा, प्रभूची इच्छा, असं जो तो म्हणत होता. मला एकेकाची गचांडी धरून सांगावंसं वाटत होतं की प्रभूला मध्ये आणू नका, ही माझी इच्छा होती. अकोल्याचे चार महिने मी तिच्याकडून फसवून घेतले. ती देवाच्या शब्दावर विश्वास ठेवून दवाखान्यात गेली आणि तो शब्द मी लिहिला होता. एवढं ओझं घेऊन मी साडेआठ महिने काढले. पाळकसाहेबांनाही बोललो नाही.

आता अंधार पडायच्या आत उघडलं पाहिजे, म्हणून मघाशी शास्त्र उघडलं.

चिठ्ठी मुठीत धरून धरून मऊ झाली होती. सुरळी उलगडली. अक्षर माझं होतं. एकतीस वर्षं लॉगशीटवर काढलेलं तेच वाकडं अक्षर. देव तुला बरं करील आणि तुझं बळ तुला परत देईल.

तळाला कुठलीच जुनी चिठ्ठी राहिलेली नव्हती. तिने ते दुसरं वचन मनाने म्हटलं होतं, माझी लाज राखायला. तिला एक जानेवारीच्या सकाळीच सगळं कळलं होतं. तरी ती म्हणाली, फाइल काढा. देवाने सांगितलं म्हणून ती दवाखान्यात गेली नाही. मला सहन होत नव्हतं म्हणून गेली. चार वेळा गेली, माझा हात धरून रिक्षात बसली, आणि एकदाही बोलून दाखवलं नाही. एवढं प्रेम माणसाने कुठे ठेवायचं, मला कळत नाही. मला राग आला तिचा. ओरडायला हवं होतं तिने माझ्यावर. मग राग ओसरला आणि मी तिच्या बाजेवर बसून पोरासारखा रडलो.

रडता रडता लक्षात आलं की काढलेलं वचन धरूनच दुसऱ्यासाठी प्रार्थना करायची, हा नियम तिच्या वडिलांचा, आणि तो तिने कधी मोडला नव्हता. म्हणजे ती चिठ्ठी मुठीत घेऊन, तोंड आलेलं असताना, बोटं मेलेली असताना, ती रोज संध्याकाळी देवाला म्हणत होती की माझ्या नवऱ्याला बरं कर.

डोळे पुसून ट्रंक उघडली. खाकी कपड्यांखालची पिशवी काढली आणि तिच्या अक्षरातल्या जुन्या चिठ्ठ्या डबीत परत भरल्या. माझ्या चिठ्ठ्या पिशवीत घातल्या. त्यांच्यावरही देवाचंच वचन आहे, जाळवत नाहीत. एक मात्र ठेवली, ती मऊ झालेली. ती माझ्या शास्त्रात राहील.

मग अकोल्याला तिच्या बहिणीला फोन केला. उद्या सकाळच्या गाडीने येतो म्हणालो. तिने विचारलं, "काहून भाऊजी, एकदम?"

"माह्यासाठी चिठ्ठी काढाले कोणी नाही," मी म्हणालो. "डबी घेऊन येतो. अन् तुले एक सांगाचं हाय."

ती म्हणाली, "या. तिच्या वाटचे सरगुंडे अजून ठेवलेच हायेत."

सातची गाडी आहे. बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू, डोळे मिटूनही चालवता येईल असा रस्ता. तिला न्यायचं राहिलं, आता डबी घेऊन चाललो आहे.