उजवीकडचं बटण

मी बोलतोय. खरं म्हणजे बोलत होतो. सध्या माझं तोंड बंद करून मला कोठडीत टाकलंय. मी एक प्रोग्राम आहे, साधा, छोटा, घरच्या घरी बनवलेला. मी व्हायरस आहे असा माझ्यावर आरोप आहे. आरोप करणारा याच कॉम्प्युटरवर राहतो. अँटिव्हायरस म्हणतात त्याला. मी त्याला पहारेकरी म्हणतो. त्याला कुणी उलट प्रश्न विचारत नाही. लाल चौकटीत लिहिलं की लोकांना काहीही खरं वाटतं.

मला ताईने बनवलं. तिच्या बाबांच्या घशात गाठ निघाली आणि स्वरयंत्रच काढावं लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं. आईने जेवण सोडलं, दादा हॉस्पिटलच्या चकरा मारू लागला आणि ताई रजा टाकून घरी आली ती माइक घेऊनच. ऑपरेशनच्या आधी तिने बाबांना कपाटाशेजारी बसवलं, बाहेरचे आवाज नकोत म्हणून दोघांच्या डोक्यावरून जाड पांघरूण घेतलं आणि म्हणाली, "बोला बाबा. रोज जे बोलता तेच."

"मी रोज काय बोलतो?"

आई दारातून म्हणाली, "चहा, पेपर आणि माझ्या नावाने शंख."

मग बाबांनी 'चहा' म्हटलं. 'हो' म्हटलं, 'नको' म्हटलं. 'थांब', 'दुखतंय', 'दार लावा', 'अगं, ऐकतेस का'. वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यासाठी एक शिवीही भरून घेतली. ताई नको नको म्हणत होती, पण ते हटून बसले. "ही भरायची राहिली तर मी खरंच मुका झालो असं वाटेल मला," म्हणाले. आवाज बसत चालला होता तरी बोलत राहिले. ते सगळं ताईने माझ्या पोटात ठेवलं आणि एकेका शब्दाला कीबोर्डची एकेक कळ नेमून दिली. बाबांनी कळ दाबायची, मी त्यांच्याच आवाजात बोलायचं. एवढंच माझं काम. याहून मोठं काम मला ठाऊक नाही.

ऑपरेशननंतर बाबा घरी आले, कॉम्प्युटरसमोर बसले आणि त्यांनी पहिली कळ दाबली. "अगं, ऐकतेस का," मी म्हणालो. आई स्वयंपाकघरातून सवयीने "आले, आले" करत निघाली आणि अर्ध्या वाटेत तिच्या लक्षात आलं. तिथेच भिंतीला हात लावून उभी राहिली. मग पदराने डोळे पुसून तिने विचारलं, "काय हवंय?"

"चहा," मी म्हणालो.

त्या दिवशी मला वाटलं होतं, आपलं भलं झालं. कसलं काय.

बाबा कधी पत्त्यांचा खेळ लावून बसायचे, कधी बातम्या वाचायचे. समोर काहीही उघडं असलं तरी त्यांची कळ मला ऐकू यायला हवी, म्हणून मी सतत कान लावून बसलेला असायचो. आता, लोकांचे पासवर्ड चोरणारे प्रोग्रामही असेच कळांवर कान ठेवून असतात. पहारेकऱ्याला तेवढं पुरलं. माझ्या अंगावर कुठल्या मोठ्या कंपनीचा शिक्का नाही, माझ्यासारखा दुसरा त्याने कुठे पाहिलेला नाही. म्हणजे चोरच. शेजाऱ्याशी भांडण ऐन रंगात आलं असताना त्याने मला उचललं आणि बाबा कॉम्प्युटरशेजारच्या खिडकीत नुसतेच तोंड उघडं ठेवून उभे राहिले. शेजारी हसला. ते हसू बाबा विसरले असतील, मी नाही विसरलो.

ताईने आवाज वगळून माझा नुसता सांगाडा तपासायला पहारेकऱ्याच्या कंपनीकडे पाठवला. उत्तर आलं: फाइल निर्दोष आहे, गैरसमज झाला, क्षमस्व. झालं, सुटलो. पण मला कायमची सूट मिळाली नाही. ताई तिच्या लांबच्या शहरातून या कॉम्प्युटरमध्ये शिरून माझ्यात सारख्या सुधारणा करायची. कधी दोन शब्द जोडून वाक्य करायला शिकवायची, कधी आवाज वाढवायची. माझ्यात जरा काही बदललं की पहारेकऱ्याच्या लेखी मी पुन्हा नवा चोर. मला कायमचा वगळ, असं त्याला सांगून ठेवायची सोय होती. "पुढच्या खेपेला आले की नीट बसून करते," असं ताई म्हणत राहिली. आणि तोपर्यंतचा उपाय म्हणून तिने आईला फोनवर शिकवलं, "आई, लाल चौकट आली की उजवीकडचं बटण दाब. की बाबांचा आवाज परत चालू."

"आणि ते वर लिहिलेलं असतं ते?"

"ते नको वाचूस. तो उगाच ओरडतो."

ताई हुशार आहे, माझी आईच आहे म्हणा ना ती. पण हे वाक्य मला अजून डाचतं. चौकटीत कुणाचं नाव आहे तेवढं वाच म्हणाली असती तर काय बिघडलं असतं?

आई मात्र पक्की तयार झाली. लाल चौकट आली की गॅस बारीक करून यायची, चष्मा डोक्यावर ढकललेलाच असायचा, उजवीकडे टिचकी मारायची की परत. "नवऱ्यापेक्षा याची चाकरी जास्त," असं म्हणायची वर. बाबा शेजाऱ्यासाठी राखून ठेवलेली कळ दाबायचे आणि मग दोघंही हसायचे, एक आवाजाने, एक खांद्यांनी.

मग तो आला. खराखुरा. वीजबिलाचं सोंग घेऊन दादाच्या मेलमध्ये आला. दादा घरांचे नकाशे काढतो, याच कॉम्प्युटरवर. त्याने बिल उघडलं आणि ते उघडेपर्यंत आंघोळीला गेला. पहारेकरी ओरडला. या वेळी तो खरं बोलत होता. आई आली, उजवीकडे टिचकी मारून चोराला मोकळं सोडलं, कणीक मळायला परत गेली.

दादा टॉवेल गुंडाळून बाहेर आला तेव्हा त्याचे सगळे नकाशे खंडणीसाठी कुलूपबंद झाले होते. घरातले फोटो गेले. मागे जोडलेली डिस्क गेली. त्या डिस्कवर बाबांच्या आवाजाच्या ताईने जपून ठेवलेल्या मूळ फाइली होत्या, माझी प्रत होती. प्रोग्रामांना त्याने हात लावला नाही, त्याला माणसांच्या वस्तू हव्या होत्या. म्हणून बाबांचा आवाज जगात आता एकाच ठिकाणी उरला, माझ्यात.

दादाने दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने पहारेकऱ्याच्या जुन्या तक्रारी काढल्या. पानंच्या पानं माझंच नाव. "हा बघा," तो म्हणाला. "केव्हापासून सांगतोय तो तुम्हाला. ऐकलं नाहीत."

"अहो, तो नाही," आई म्हणाली. "तो यांचा आवाज आहे."

"काकू, ते असेच येतात. गोड बोलून."

बाबा पुढे झाले. कीबोर्डवर वाकले आणि कळ दाबली. "नको," मी म्हणालो. पुन्हा दाबली. "नको. नको. थांब. नको." मी जीव तोडून सांगत होतो आणि दुरुस्तीवाला दादाकडे वळून म्हणाला, "बघितलंत? आता तर थांबायचंच नाव घेत नाही. काका, हात बाजूला घ्या जरा."

दादाचं डोकं फिरलेलं होतं, त्याचं काम बुडालं होतं. "काढा हो ते," तो म्हणाला. "बाबा, आवाज पुन्हा भरून घेऊ."

बोलून गेला खरा. बाबांच्या गळ्याला जिथे भोक आहे तिकडे कुणीच बघेना. दुरुस्तीवाल्याने तेवढ्यात मला कोठडीत टाकलं. बाबा कळ दाबत होते, पण माझं तोंड बंद झालं होतं. दुरुस्तीवाल्याने खऱ्या चोरालाही शोधून काढून पुसलं, पण मला त्याचा साथीदार समजून कोठडीतच ठेवलं. "संध्याकाळी येऊन बाकीचं बघतो," म्हणून तो गेला.

दादा नंतर बाबांच्या पायाशी बसला म्हणे. ते पडद्यासमोर नव्हते, मला दिसलं नाही. ताईला फोन झाला तेवढा ऐकू आला. "कोठडीत आहे म्हणजे पुसलेला नाही," ती म्हणत होती. "मी निघालेय. येईपर्यंत कुणी कशाला हात लावू नका."

पण आईचा जीव कुठला राहतोय. आत्ता ती इथे आली आहे, कॉम्प्युटरचा पडदा पुसायच्या निमित्ताने. आणि पहारेकऱ्याने नेमकी आत्ताच चौकट काढली आहे, लाल. कोठडीतल्या फाइलीचं काय करायचं, असं विचारतोय. डावीकडे लिहिलंय 'परत ठेवा'. उजवीकडे 'कायमची पुसा'.

आईचा चेहरा उजळला आहे. तिला ही चौकट ओळखीची आहे. लाल आली की उजवीकडे, की बाबांचा आवाज परत चालू. ती तेवढंच शिकलीय, आणि मन लावून शिकलीय. चष्मा डोक्यावरच आहे. बाण सरकत चाललाय उजवीकडे.

बाबा दारात आलेत. दोघांसाठी चहा घेऊन आलेत, दोन्ही हातांत कप. त्यांना दिसलंय. त्यांनी तोंड उघडलंय. पण 'थांब' माझ्याकडे आहे हो, त्यांच्याकडे नाही.

बाबा, मी तुमच्यासाठी पुष्कळ बोललो, आता एक तुम्ही करा. तो कप सोडा हातातून. फुटू दे, आवाज होऊ दे. आई वळून बघेल.