सवतीचा दगड

जित्या सवतीशी भांडता येतं, तिच्या झिंज्या उपटता येतात, गेलाबाजार चार शिव्या तरी हासडता येतात. मेलेल्या सवतीचं काय करायचं हे चिनलानला कोणी शिकवलं नव्हतं. त्यात हिची सवत पुरती मेलीही नव्हती. अर्धी डोंगरावर पुरलेली, आणि उरलेली अर्धी बैठकीच्या खोलीत, कोरीव लाकडी पाटावर, दगड होऊन बसलेली.

दुसऱ्या गावचे लोक मांजरं पाळतात, चीनमधल्या लिउचौचे लोक दगड पाळतात. नदीतून आणायचा, धुवायचा, त्याच्या मापाची लाकडी बैठक करायची आणि मग रोज तळहाताने चोळत बसायचं. निम्मं काम नदीने केलेलं असतं, उरलेलं माणसाने करायचं. वर्षानुवर्षं हात फिरला की दगडाला आतून पाणी चढतं, आणि जाणकार माणूस ते दारातूनच ओळखतो.

लाओ-वेईकडे भिंतभर दगड होते. चिनलान त्याची दुसरी बायको म्हणून घरात आली, त्याच आठवड्यात त्याने तिला सगळी निगा समजावून दिली. मऊ कुंचल्याने धूळ काढायची, साध्या पाण्याने धुवायचं, सुती फडक्याने टिपायचं, उन्हात ठेवायचं नाही. साबण नको, सोडा नको, मेण नको.

"आणि तेल तर अजिबात नको," तो म्हणाला. "तेल लावून चमकवणं हे बाजारातल्या लुच्च्यांचं काम. चार दिवस चकाकतो आणि मग धूळ खाऊन चिकट होतो. आपल्या घरात ते चालत नाही."

ती मान डोलावत पुढे सरकली आणि मधल्या काळ्या दगडाला हात लावायला गेली.

"तो राहू दे. तो मी बघतो."

एवढंच म्हणाला. पण चिनलानला जे कळायचं ते कळलं. तो दगड लीह्वाचा होता, त्याच्या पहिल्या बायकोचा. तिने उन्हाळ्यात कमरेएवढ्या पाण्यात उतरून स्वतः शोधून आणलेला, आणि मरेपर्यंत रोज संध्याकाळी मांडीवर घेऊन चोळलेला. आता तेच काम लाओ-वेई करायचा. जेवण झालं की दगड मांडीवर, टीव्ही चालू, हात फिरतोय. शेजारी दोन हातांवर चिनलान बसलेली. तिच्या पाठीवरून कधी असा हात फिरला असता तर ती काही बोलली नसती.

वरच्या मजल्यावरची शूफन लीह्वाची जिवाभावाची मैत्रीण. ती आली की जखमेवर मीठ चोळूनच जायची.

"लीह्वाचा हातच तसा होता गं बाई. भाजीला लागला तरी चव, दगडाला लागला तरी पाणी." मग चिनलानच्या वाटीतला एक घास तोंडात टाकून म्हणायची, "तुझीही भाजी बरी असते हं."

बरी असते म्हणे. चिनलान रात्री भांडी घासताना ती वाटी जरा जोरातच आपटायची.

छिंगमिंगचा दिवस आला. त्या दिवशी सगळं गाव आपापल्या माणसांच्या थडग्यांवर गवत काढायला, जेवण ठेवायला जातं. चिनलानने पहाटे उठून पाच रंगांचा चिकट भात केला, डुकराचं मांस भाजलं, डबा बांधला. म्हणजे सवतीचं जेवण हिने रांधलं. वर ओठांवर हसू आणून म्हणाली, "मीही येते की."

"तू कशाला?" लाओ-वेई बूट घालत म्हणाला. "चढ आहे. पाय दुखतील तुझे."

पाय म्हणे. तो गेला, आणि चिनलान त्या काळ्या दगडासमोर जाऊन बसली. खिडकीतून ऊन येत होतं. दगडाच्या वरच्या गोलाईवर एक जागा बाकीच्यापेक्षा जास्त चमकत होती, तळहाताएवढी. लीह्वाचा तळहात. चिनलानने त्यावर आपला हात ठेवून पाहिला. दगड थंड होता, आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

आपण फक्त धुतोय, असं तिने स्वतःला सांगितलं. धुण्यात काय वाईट आहे? घर स्वच्छ ठेवायचं नाही का? बादलीत कढत पाणी घेतलं, त्यात कपड्यांचा सोडा टाकला, मूठभर, मग आणखी मूठभर. राठ ब्रश घेतला आणि चोळायला लागली. चोळता चोळता तोंडाने बोलतही होती. "बस ना आता मधे. बस की टीव्ही बघत." पाणी गढूळ झालं तेव्हा तिला इतकं बरं वाटलं की विचारू नका. इतक्या वर्षांचा हात होता तो, मोरीत वाहून गेला.

दगड वाळला. काळा नव्हताच तो. राखाडी, कोरडा, नदीकाठी पायाखाली येतात तसला. पाटावर ठेवला तर शेजारचे दगड त्याच्याहून देखणे दिसायला लागले.

घाबरलेलं माणूस सगळ्यात जवळचं जे असेल ते उचलतं. चिनलानने स्वयंपाकातली तेलाची बाटली उचलली. चहाच्या बियांचं तेल, चांगलं, घाण्यावरचं. फडक्यावर घेऊन दगडाला पुसलं, जिरू दिलं, पुन्हा पुसलं. दगड काळाभोर झाला, पूर्वी नव्हता असा झळाळला. तिने खिडक्या उघडल्या, फडकं जाळलं आणि रात्रीच्या जेवणाला लसूण जरा जास्तच फोडणीला टाकला.

संध्याकाळी लाओ-वेई आला. पायांना माती होती, डोळे लाल होते. उंबऱ्यात जरासा थांबला, मग आत येऊन पाटापाशी गेला, दगडावर हात ठेवला, आणि हात तसाच राहिला. चिनलान स्वयंपाकघराच्या दारात उभी.

"जेवायला काय केलंयस?" त्याने विचारलं.

तिचा जीव भांड्यात पडला. याला कळलं नाही. एवढा मोठा दगडवाला, आणि लीह्वाचा हात आणि बाटलीतलं तेल यांतला फरक याला कळला नाही. चिनलानला हसू यायला लागलं, ते तिने पदार्थ वाढता वाढता दाबलं.

जेवणं झाल्यावर शूफन आणि तिचा नवरा थान चहा प्यायला खाली आले. थान साधा माणूस, बायको बोलेल त्यावर मान हलवणारा. शूफनची नजर थेट दगडावर.

"अगं बाई, हा काय झालाय आज! असा तर तिच्या हयातीतही दिसला नव्हता."

चिनलानने कप भरता भरता लाओ-वेईकडे पाहिलं. तो कपातल्या चहाकडे बघत होता.

"आज तिला भेटून आलो ना," तो हळूच म्हणाला. "खूश झाली असेल."

थानने मान हलवली. "वहिनींचा हात होता तो. मेल्यावरही लपत नाही."

"लपेल कसा?" शूफनने डोळ्याला रुमाल लावला. "लीह्वाची सर कुणाला येणार आहे?"

चिनलानच्या हातात किटली होती. गुपचूप ठेवून आत गेली असती तर सगळं निभावलं असतं. तोंडाला कुलूप घालायचं, दर आठवड्याला चोरून तेल पुसायचं आणि जन्मभर मजेत राहायचं. पण जन्मभर म्हणजे किती वेळा हे ऐकायचं? तेल हिचं, मेहनत हिची, पहाटेचा भातसुद्धा हिचाच, आणि शाबासकी त्या डोंगरावरच्या बाईला.

"तिचा हात नाही तो," चिनलान म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "माझा आहे. तिचा मी सकाळी सोड्याने धुऊन काढला. आता आहे ते आपल्या स्वयंपाकातलं तेल."

थानने कप खाली ठेवला. शूफनने रुमाल डोळ्यावरून काढला, आणि डोळे कोरडे ठाक होते. दोन मिनिटांत दोघं उठले. जिन्यावर शूफनची पावलं नेहमीपेक्षा चपळ पडत होती. उद्या सकाळी दगडबाजार उघडायच्या आत बातमी टोकापर्यंत पोचणार होती.

लाओ-वेई जागचा हलला नव्हता.

"मला उंबऱ्यातच वास आला होता," तो म्हणाला.

"काय?"

"तेलाचा. लसणाच्या खालून येत होता."

चिनलानने किटली खाली ठेवली. "मग तिचं नाव का घेतलंत?"

"मग काय शूफनसमोर तुझं घेऊ? उद्या बाजारात तोंड दाखवता आलं असतं तुला? तिच्या नावावर खपून गेलं असतं. तूच बोललीस."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. पण चिनलानचा जळफळाट असा की त्यातही तिने खोट काढलीच.

"एवढं केलं मी, तरी रागावत नाही तुम्ही. तिच्यावर रागावला असतात ना?"

"रागावलोय," तो म्हणाला. "आत्ता तोंड उघडलं तर नको ते बोलेन. उद्या बोलेन."

तो उठला, दगड उचलून मोरीत नेला आणि कोमट पाण्याने तेल धुवायला लागला. पाणी बदललं, पुन्हा धुतला. ती मागे उभी राहून बघत होती. मदत कर म्हणाला नाही, जा असंही म्हणाला नाही. फडक्याने टिपून तो सोफ्यावर येऊन बसला. मांडीवर तो राखाडी, कोरडा गोळा. टीव्ही बंदच होता. त्याने एकदा हात फिरवला, दोनदा फिरवला, आणि मग थांबला.

"एकट्याच्याने नाही होणार आता," तो म्हणाला. "माझं वय झालं."

चिनलान पुढे आली.

"आधी हात धुऊन ये. तेलकट असतील."

तिने हात धुतले, कोपरापर्यंत धुतले, पदर नसलेल्या सदऱ्यालाच पुसले आणि त्याच्या शेजारी येऊन बसली. त्याने दगड तिच्या मांडीवर ठेवला. तिला वाटलं होतं त्याहून तो जड होता. पाणी चढायला किती वर्षं लागतील, तोवर हा माणूस असेल का, आपण असू का, असलं बरंच काही तिच्या मनात आलं. पण तिने विचारलं वेगळंच.

"ती कोणत्या हाताने चोळायची?"

लाओ-वेईने थोडा विचार केला. "डाव्या."

चिनलानने उजवा हात ठेवला आणि चोळायला सुरुवात केली.